बगीच्यात दरवर्षी तेच कोपरे का वाळतात? वेळ वाढवण्याआधी पाण्याची आकृती तपासा

मार्च उलटला की आमच्या इंदूरच्या बागवाल्या मंडळींत एकच तक्रार सुरू होते. लॉनचे ठरावीक तुकडे पिवळे पडलेत आणि दोन हातांवर चिखल आहे. वाफ्यातली पहिली चार वांगी टरारलेली, शेवटच्या चारांनी माना टाकलेल्या. माळी म्हणतो, पाणी कमी पडतंय, दहा मिनिटं वाढवा. वाढवली की आठवडाभर बरं दिसतं, मग चिखलातलं गवत कुजायला लागतं आणि पिवळे तुकडे आहेत तिथेच राहतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा त्याच जागी.

त्याच जागी, हेच लक्षात घ्यायचं. पाणी खरोखर कमी असतं तर सगळाच बगीचा सुकला असता. जागा ठरलेली असेल तर दोष मांडणीत आहे: फवारा कुठे बसवलाय, त्याचं वर्तुळ केवढं, ड्रिपरमधलं (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्यांमधलं) अंतर किती, पाइप कुठून कुठे गेलाय. हे सगळं शाळेतल्या भूमितीचं काम आहे. एक टेप, सुतळी, आलेखाचा कागद आणि रविवारची सकाळ एवढ्यात उरकतं. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा घाट चढून आपल्यापर्यंत येतं आणि बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआडच मिळतं. ते चिखलात ओतण्यापेक्षा हे गणित स्वस्त पडतं.

आधी वाळलेल्या तुकड्याचा आकार बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी गच्चीवर जा आणि वरून बगीच्याचा फोटो काढा. वाळलेल्या भागाचा आकारच निम्मं निदान सांगतो.

कोपऱ्यात किंवा दोन फवाऱ्यांच्या मध्ये आत वळलेल्या बाजूंचे तिकोनी-चौकोनी तुकडे दिसले तर वर्तुळं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. नळाजवळ हिरवं आणि पाइपच्या टोकाकडे हळूहळू फिकं होत गेलं असेल तर दाबाची अडचण. मध्येच एखादंच झाड सुकलंय आणि दोन्ही बाजूंची ठणठणीत आहेत, तर तो ड्रिपर क्षारांनी बुजलाय. बोअरिंगच्या पाण्यावर हे हमखास होतं. ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर टाका किंवा सरळ बदला, त्यात भूमिती काही करू शकत नाही. भिंतीलगत सलग पट्टा वाळला असेल तर ऊन आणि सावलीकडे बघायचं. आणि कुठलाच आकार न धरता वेडावाकडा डाग असेल, तर तिथे लोखंडी सळई खुपसून बघा. कॉलन्यांतल्या प्लॉटमध्ये बांधकामाचा राडारोडा कोपऱ्यात ढकलून वर चार बोटं काळी माती पसरलेली असते. सळई वीतभर आत जाऊन खण्णकन अडली की समजा, तिथे कितीही पाणी दिलं तरी मुळांना धरून ठेवायला मातीच नाही. तिथे खणणं हाच उपाय.

दोन फवारे, सहा कोरडे ठिपके

आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मागच्या अंगणाचं उदाहरण घेतो, कारण अशी मांडणी मी इतर ठिकाणीही पाहिली आहे. लॉन ६ मीटर बाय ९ मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. बसवणाऱ्याने मध्यरेषेवर दोन फवारे लावलेले, प्रत्येकाची फेक ३ मीटर. त्याचा हिशेब असा: एका वर्तुळाचं क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर, दोन मिळून साडेछप्पन्न, लॉन चोपन्न, झालं काम! क्षेत्रफळ जुळलं म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं, असं त्याला वाटलं.

आता नऊ मीटरची लांबी मनात दोन भागांत तोडा. प्रत्येक फवारा आपल्या भागाच्या मधोमध आहे, म्हणजे आखूड बाजूपासून सव्वादोन मीटरवर आणि लांब बाजूंपासून ३ मीटरवर. मग फवाऱ्यापासून कोपरा किती लांब? २.२५ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ३.७५ मीटर. फेक तीनच मीटरची आहे. कोपरा पाऊण मीटरने चुकला. चारही कोपरे असेच. शिवाय लांब बाजूंच्या मधल्या बिंदूंपासूनही दोन्ही फवारे तेवढेच, ३.७५ मीटर लांब आहेत. म्हणून कोरडे ठिपके सहा: चार कोपऱ्यांत आणि दोन लांब कडांच्या मध्यावर. काकूंच्या लॉनवर पिवळे डाग नेमके याच सहा जागी होते.

मग ते साडेछप्पन्न चौरस मीटर गेले कुठे? जवळपास ४ चौरस मीटर दोन वर्तुळं मध्ये एकमेकांवर चढली त्यात, म्हणजे लॉनच्या मधोमध दुहेरी पाणी आणि शेवाळ. आणखी ४ आखूड बाजूंच्या पलीकडे, फरशीवर. उरलं सुमारे साडेअठ्ठेचाळीस. लॉनचा दहावा हिस्सा कोरडाच राहतो, फवारा तासभर चालवा नाहीतर रात्रभर.

खरी गोष्ट याहून थोडी वाईट आहे. फवाऱ्याचं पाणी त्याच्या कडेपर्यंत सारखं पडत नाही; लांब जाईल तसं विरळ होतं. कडेच्या अर्ध्या मीटरवर नुसता शिडकावा असतो. म्हणून वर्तुळं एकमेकांना जेमतेम शिवली तर चालत नाही, चढावी लागतात. चौकोनी मांडणीत नुसती शिवणारी वर्तुळं जमिनीचा ७८.५ टक्के भागच झाकतात, तिरक्या म्हणजे त्रिकोणी मांडणीत ९०.७ टक्के. नियम असा ठेवा की एका फवाऱ्याचं पाणी दुसऱ्या फवाऱ्याच्या बुडापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणजे दोघांतलं अंतर साधारण एका त्रिज्येइतकंच. एप्रिल-मेमध्ये माळव्यात दुपारनंतर वारं सुटतं. संध्याकाळी फवारे चालवत असाल तर अंतर याहूनही कमी लागेल. पहाटे चालवा, ते सोपं.

काकूंच्या लॉनला मी सुचवलं ते असं: मधले दोन्ही फवारे काढा. चार कोपऱ्यांत पाव वर्तुळाचे चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर अर्ध्या वर्तुळाचे दोन, सगळ्यांची फेक साडेचार मीटर. लांबीच्या बाजूने दोन फवाऱ्यांतलं अंतर नेमकं साडेचार मीटर येतं, म्हणजे नियम पाळला जातो. रुंदीत ६ मीटर आहे, तिथे थोडी तडजोड आहे. पण आतला जवळजवळ प्रत्येक बिंदू निदान दोन फवाऱ्यांच्या आवाक्यात येतो आणि कोपऱ्यात तर फवाराच उभा आहे. पाणी बाहेर फरशीवर जात नाही, हा वरचा फायदा.

इथे एक सापळा आहे. फिरणारा फवारा घेऊन त्याची फिरकी ९० अंशांवर बांधली, की तेवढंच पाणी पाव जागेत पडतं, म्हणजे चौपट. कोपरा वाळण्याऐवजी आता तो सडतो आणि मालक म्हणतो, जागाच अपशकुनी आहे. पाव, अर्धं आणि पूर्ण वर्तुळ यांचं पाणी अनुक्रमे एक, दोन, चार या प्रमाणात सोडणारी नोझल मिळतात, दुकानात तशीच मागा. फिरणारे आणि न फिरणारे फवारे एकाच कॉकवर जोडू नका.

नकाशा: चार बाजू मोजून भागत नाही

हे सगळं कागदावर आधी करायचं असेल तर कागद खरा हवा. प्लॉट कागदोपत्री ३० बाय ५० फूट असतो, प्रत्यक्षात तिरका. चार बाजू टेपने मोजल्या म्हणजे आकार कळला असं मानू नका. त्याच चार बाजूंचा चौकोन दाबून कितीही चपटा करता येतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत यावर चांगलंच सुनावलंय: लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहून मोठा.

तेव्हा कर्ण मोजा, दोन्ही. सारखे भरले आणि समोरासमोरच्या बाजूही सारख्या असल्या तर काटकोन चौकोन. ६ बाय ९ च्या लॉनचा कर्ण १०.८२ मीटर यायला हवा. दोन कर्णांत हातभर फरक असेल तर प्लॉट तिरका आहे, आणि त्याचे दोन त्रिकोण करून कंपासने कागदावर उतरवा. त्रिकोण दाबला जात नाही. तीन बाजू कळल्या की तो एकच. वाकड्यातिकड्या अंगणालाही हीच युक्ती, फक्त त्रिकोण जास्त. वाफ्याचा कोपरा काटकोनात आखायला गवंडी गुण्या लावतो, पण बगीच्यात तो छोटा पडतो. सुतळीचे ओळीने ३, ४ आणि ५ मीटरचे तीन भाग पडतील अशा गाठी मारून तीन खुंट्यांभोवती ताणा, झाला काटकोन. रेषेवर चुन्याची फक्की मारून ठेवा, नाहीतर माळी दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटून ठेवतो.

आलेखाच्या कागदावर १ सेंटीमीटरला १ मीटर हे प्रमाण घ्या. आता घरातल्या बांगड्या काढा. दोन-सहा मापाच्या बांगडीचा आतला व्यास जवळजवळ बरोबर ६ सेंटीमीटर असतो, म्हणजे या कागदावर ती ३ मीटर फेकीचा फवारा झाली. कागदावर चार-सहा बांगड्या सरकवत बसा. कुठे दोन चढल्या, कुठे भोक राहिलं, ते लेकरालाही दिसतं. साडेचार मीटरच्या फेकीसाठी ९ सेंटीमीटर तोंडाचं झाकण शोधा. कॉम्प्युटरवर हे करून देणारे बरेच आहेत, पण प्लंबरभैयाला समोर बसवून पटवायला बांगडीसारखं साधन नाही. तो स्वतःच सरकवायला लागतो.

वाट्यांची परीक्षा

बसवून झाल्यावर, किंवा आहे तीच मांडणी तपासायला, सोळा एकसारख्या वाट्या किंवा पेले घ्या. लॉनवर सारख्या अंतराने चार ओळींत चार-चार मांडा, कोपरे सोडू नका. दहा मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येकातलं पाणी औषधाच्या मापाने मोजून कागदावर त्या त्या जागी लिहा. तोंडाचा व्यास ८ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ५ मिलीलीटर पाणी म्हणजे जमिनीवर १ मिलीमीटर. तुषार सिंचनाचा सारखेपणा मोजायला क्रिश्चियनसेन यांनी १९४२ साली कॅलिफोर्नियात जे सूत्र मांडलं त्याच्या मुळाशीही असेच मांडलेले डबे आहेत. घरगुती कामाला त्याहून सोपं माप पुरतं.

सगळ्या सोळांची सरासरी काढा. मग सगळ्यात कमी भरलेल्या चार वाट्यांची सरासरी काढा. दुसरीला पहिलीने भागा. समजा एकूण सरासरी २० मिली आली आणि खालच्या चारांची ७. म्हणजे पस्तीस टक्के. आता वेळ वाढवण्याचा उपाय या आकड्यांवर लावून बघा: त्या सातांचे वीस करायला जवळजवळ तिप्पट वेळ चालवावं लागेल, आणि तेवढ्या वेळात बाकी सगळ्या लॉनलाही तिप्पट पाणी. माळ्याच्या ‘दहा मिनिटं वाढवा’ची किंमत ही. सत्तर टक्क्यांच्या वर आकडा आला तर घरच्या लॉनला उत्तम समजा आणि पुढे नाद करू नका.

काळी माती एका घोटात पीत नाही

मांडणी बरोबर आणि वाट्याही सारख्या भरल्या, तरी चिखल होतोय? मग मातीचा वेग बघायला हवा. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक लीटर म्हणजे १ मिलीमीटर. काकूंच्या नव्या मांडणीतली सहा नोझल मिळून मिनिटाला साधारण २८ लीटर सोडतात. तासाला १,६८०, भागिले ५४, म्हणजे तासाला ३१ मिलीमीटर. आपली काळी चिकण माती एकदा ओली होऊन फुगली, की तासाला १ ते ५ मिलीमीटर एवढंच रिचवते. उरलेलं उताराकडे पळतं. उलट मे महिन्यात भेगा पडलेल्या असतात तेव्हा पहिलं पाणी भेगांतून थेट खालच्या मुरमात जातं आणि मुळं बघत राहतात.

म्हणून एकदम नाही, तुकड्यातुकड्यांत. मेमध्ये दिवसाला ७ मिलीमीटरच्या आसपास पाणी उडतं असं धरा, गवताला त्याचे आठ-दशांश, म्हणजे साडेपाच मिलीमीटर. ५४ चौरस मीटरला रोज तीनशे लीटर. (लॉन हवंच का, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नाही. मी असतो तर निम्म्या जागेत मोगरा आणि लिंबू लावलं असतं.) दिवसाआड द्यायचं तर सहाशे लीटर, म्हणजे बावीस मिनिटं. ती बावीस सलग न चालवता पाच-सहा मिनिटांचे चार हप्ते करा आणि मध्ये पाऊण तास थांबा. शेणखत-कंपोस्टने मातीचा हा वेग वाढतो, पण एका वर्षात नाही. कंपोस्टची जगभर गेलेली ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसवली, आणि आपण मात्र पाचोळा पेटवून देतो.

ड्रिप: पहिलं झाड लाडकं, शेवटचं उपाशी

वाफ्यांना ड्रिप असेल तर तपासणी आणखी सोपी. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक पेला ठेवा, दहा मिनिटं. शेवटच्यात पहिल्याच्या नव्वद टक्के पाणी असेल तर छान, ऐंशीपर्यंत चालवून घ्या, त्याखाली असेल तर दाब टोकापर्यंत पोचत नाही.

आपल्याकडे दाब मुळातच तोकडा असतो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून साडेचार मीटरवर, म्हणजे दाब (दर चौरस सेंटीमीटरला) अर्ध्या किलोहूनही कमी. दहा मीटर उंचीला एक किलो. तासाला चार लीटरचा साधा ड्रिपर एक किलो दाबावर चार लीटर सोडतो. दाब निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, वर्गमुळाच्या हिशेबाने सत्तर टक्के होतं, ०.४५ किलोवर सुमारे २.७ लीटर. म्हणजे टाकीवर चालवताना वेळ दीडपट धरा, हा एक सरळ बदल. दाब सावरून घेणारे महागडे ड्रिपर टाकीवर घेऊ नका, त्यांना स्वतःला उघडायलाच तेवढा दाब लागतो.

टोकाचा प्रश्न मात्र पाइपच्या आकाराने सुटतो. एकच लांब नळी बगीचाभर फिरवायची आणि शेवटी बूच मारायचं, ही पद्धत सोडा. शक्य असेल तिथे ते टोक परत सुरुवातीच्या पाइपला जोडून कडं करा. मग प्रत्येक ड्रिपरला दोन बाजूंनी पाणी येतं आणि सगळ्यात लांबचा बिंदू निम्म्या अंतरावर येतो. कडं होत नसेल तर नळ मधोमध आणून दोन्ही बाजूंना आखूड फांद्या काढा. दोन टी आणि थोडी नळी, एवढाच खर्च.

एक गंमत उताराची. बऱ्याच जणांना वाटतं, उतारामुळे खालच्या ड्रिपरला जास्त दाब मिळतो म्हणून तिथे चिखल. घरच्या अंगणात उतार तो काय, पंधरा-वीस सेंटीमीटर. त्याने दाबात पाच टक्क्यांहून अधिक फरक पडत नाही. चिखल होतो तो कॉक बंद केल्यावर. १६ मिलीमीटरच्या नळीत मीटरमागे साधारण दीडशे मिलीलीटर पाणी उरतं. चाळीस मीटर नळी असेल तर सहा लीटर, आणि ते सगळं सगळ्यात खालच्या ड्रिपरमधून निथळतं. दिवसात चार हप्ते केले की चोवीस लीटर एकाच झाडाच्या बुडाशी. उतार गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघून घ्या आणि नळ्या उतारावरून खाली न सोडता आडव्या टाका. खालचं टोक टाळता येत नसेल तर तिथे केळ किंवा कर्दळ लावा, तिचं काही बिघडत नाही.

दोन ड्रिपरमध्ये अंतर किती ठेवायचं, ते पुस्तकातून घेऊ नका. एक ड्रिपर तासभर चालवा, मग खुरप्याने चार बोटं माती बाजूला करून ओल किती रुंद पसरली ते मोजा. वर दिसणारा ओला ठिपका फसवा असतो. काळ्या मातीत ओल खाली जास्त आडवी जाते. ६० ते ९० सेंटीमीटर व्यास सहज मिळतो, मुरमाच्या भरावात तिशीही अवघड. मिळालेल्या व्यासाच्या आठ-दशांश अंतर ठेवा, म्हणजे ओलीची वर्तुळं एकमेकांत मिसळतील.

तिरकी लागवड खरंच फायद्याची?

झिगझॅग, म्हणजे समभुज त्रिकोणांत रोपं लावली की १५ टक्के जास्त बसतात, असं सगळे सांगतात. मोठ्या शेतात बरोबर आहे, कारण ओळींतलं अंतर ३० ऐवजी २६ सेंटीमीटरवर येतं. पण घरच्या वाफ्यात करून बघा. १.२ बाय ३ मीटरचा वाफा, रोपांत ३० सेंटीमीटर, कडेला १५ सोडून. सरळ लावणीत चार ओळी, दहा-दहा, चाळीस रोपं. तिरक्या लावणीत ९० सेंटीमीटरात २६ च्या हिशेबानेही ओळी चारच बसतात, आणि दर दुसऱ्या ओळीत एक रोप कमी होतं. अडतीस! फायदा सोडाच, दोन मिरच्या गेल्या. ३ बाय ३ मीटरच्या वाफ्यात शंभरच्या जागी एकशे पाच बसतात, त्यासाठी खटाटोप करायचा का ते तुम्ही ठरवा.

अरुंद वाफ्यात मी सरळच लावतो आणि ड्रिपच्या नळ्या ओळींवर न टाकता दोन ओळींच्या मध्ये टाकतो. चार ओळींना दोन नळ्या, कडेपासून ३० आणि ९० सेंटीमीटरवर. ओलीचा व्यास ६० भरत असेल तर दोन पट्टे वाफ्याच्या मधोमध बरोबर भेटतात आणि बाहेर पाणी जात नाही.

झाड वाढतं, नळी वाढत नाही

लिंबू, पेरू, चिकू दोन वर्षं जोरात येतात आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात फुलं गाळायला लागतात. लोक खत टाकतात. आधी खाली वाकून बघा, ड्रिपर अजून खोडाला टेकलेलाच आहे का. बहुतेक असतो.

फांद्यांच्या घेराची त्रिज्या अर्धा मीटर असताना झाडाला मेमध्ये रोज चारेक लीटर पुरतात. त्रिज्या दीड मीटर झाली की घेर तिप्पट दिसतो, पण सावलीचं क्षेत्रफळ नऊपट होतं, आणि तहानही जवळपास नऊपट: पस्तीस लीटर. ड्रिपर तोच एक, आणि तोही अशा जागी जिथे पाणी शोषणारी बारीक मुळं उरलेलीच नाहीत. ती फांद्यांच्या टोकांखाली सरकली आहेत. खोडाला सुतळी बांधून १.२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. त्याचा परीघ साडेसात मीटर. त्यावर नळीचं कडं टाका आणि पाऊण मीटरवर एक असे दहा ड्रिपर बसवा. तासाला ४० लीटर, म्हणजे पूर्ण दाबावर तासाच्या आत काम झालं. झाड आणखी पसरलं की नुसतं कडं मोठं करून भागत नाही, कारण परीघ दुप्पट झाला तर तहान चौपट झालेली असते. दुसरं कडं घालावं लागतं. नळी विकत घेतानाच चार-पाच मीटर जास्त घेऊन गुंडाळून ठेवा.

भिंतीलगतचा पट्टा

उरला भिंतीचा पट्टा. दक्षिणेच्या कंपाउंडला लागून असलेला वाफा उन्हाळ्यात होरपळतो आणि हिवाळ्यात कुजतो, अशी तक्रार असेल तर कारण आकाशात आहे. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य ४४ अंशांपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे भिंतीची सावली तिच्या उंचीपेक्षा किंचित लांब पडते. सहा फुटी भिंतीची सावली सव्वासहा फूट, उत्तरेकडे. म्हणजे त्या वाफ्याला ऐन हिवाळ्यात सूर्य दिसतच नाही. जूनमध्ये तोच सूर्य बरोबर डोक्यावर, सावली भिंतीच्या पायाशी गोळा, आणि वाफ्याला दिवसभराचं ऊन. एकाच कॉकवर तो वाफा आणि मधलं उघडं अंगण चालवलं तर दोन्ही ऋतूंत एकाचं तरी नुकसान ठरलेलं. त्या पट्ट्याला वेगळा कॉक लावा, नोव्हेंबर ते जानेवारीत तो निम्म्याहून कमी चालवा. मेथी-पालक तिथे लावायचीच असेल तर भिंतीपासून दोन मीटर सोडून लावा. घराच्या पश्चिमेच्या भिंतीपुढचा वाफा वेगळा. त्याला दुपारचं ऊन थेट बसतं, शिवाय भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. तिथे जागा बदलत नाही, झाड बदलायचं: कोरफड, बोगनवेल, कण्हेर.

टायमर घ्यावा का, हे हमखास विचारलं जातं. मांडणी सुधारल्यावर घ्या, आधी नाही. आणि घेताना दिवसातून निदान चार वेळा सुरू होऊ शकेल असाच घ्या. एकदाच चालणारा स्वस्त पडतो, पण काळ्या मातीत हप्ते करता येत नसतील तर तो काही कामाचा नाही. टाकीवर चालवायचा असेल तर कमी दाबावर उघडणारा आहे ना, तेही दुकानदाराकडून खात्री करून घ्या. दाबाशिवाय न उघडणारा व्हॉल्व्ह गच्चीच्या टाकीवर नुसता टकटक करत बसतो.